गाडी ८७ पट लहान, व्होल्टेज मात्र तेवढंच

जर्मनीत हॅम्बुर्गला ‘मिनिआटुर वुंडरलँड’ हे छोट्या रेल्वेचं अवाढव्य प्रदर्शन २००१ पासून सुरू आहे. तिथे साधारण पाव तासात एक अख्खा दिवस उरकतो. छतावरचे दिवे मंदावले की क्नुफिंगेन या काल्पनिक गावातल्या मोटारींचे दिवे लागतात आणि बंबांवर निळे दिवे लुकलुकतात. प्रमाण १:८७. म्हणजे खऱ्या गाडीचा १५ सेंटिमीटरचा हेडलाइट इथे जेमतेम १.७ मिलिमीटरचा.

एवढ्याशा जागेत पूर्वी गव्हाच्या दाण्याएवढे तारेचे बल्ब कोंबत. ते तापत, आणि पॉलिस्टायरीनचं प्लॅस्टिक १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडतं. बंद बॉनेटखाली बल्ब बराच वेळ पेटता ठेवला तर गाडीचं नाकच वाकायचं. यावर उपाय एलईडीचा. लाल एलईडी १९६२ मध्ये आला होता, पण पांढऱ्यासाठी आधी निळा हवा होता: निळ्या प्रकाशावर पिवळा उजेड देणारा लेप दिला की एकत्र पांढरं दिसतं. झगझगीत निळा एलईडी १९९०च्या दशकात हाती आला, आणि त्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. आज १.६ × ०.८ मिलिमीटरचा ‘०६०३’ आणि १ × ०.५ मिलिमीटरचा ‘०४०२’ हे एलईडी सहज मिळतात. चिमटा आणि भिंग मात्र हवंच. शिंक आली तर दिवा गेला.

एलईडी कितीही बारीक केला तरी त्याला लागणारं व्होल्टेज घटत नाही. प्रकाशाचा रंग अर्धवाहकातल्या इलेक्ट्रॉनच्या उडीवर ठरतो. निळ्याची उडी मोठी, लालची लहान. म्हणून लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला सुमारे ३. आकार घटला की फक्त पेलवणारा प्रवाह घटतो. दीड व्होल्टच्या एका सेलवर पांढरा दिवा थेट पेटत नाही तो यामुळेच.

समजा, पुरवठा १२ व्होल्टचा आहे. पांढऱ्याचे ३ वजा केले की उरलेले ९ व्होल्ट रेझिस्टरने, म्हणजे प्रवाहाला आवर घालणाऱ्या छोट्या भागाने, झेलायचे. प्रवाह २ मिलिअँपिअर ठेवायचा तर ९ भागिले ०.००२, म्हणजे ४,५०० ओहम. बाजारात ४,७०० मिळतो, तो चालतो. मोठ्या एलईडीला नेहमी देतात तो २० मिलिअँपिअरचा प्रवाह इथे नकोच. त्याने गाडी वेल्डिंग करत असल्यासारखी दिसते.

एकाच रेझिस्टरवर पांढरा आणि लाल एलईडी समांतर जोडले तर फक्त लाल पेटतो. तो व्होल्टेज २ वर धरून ठेवतो आणि पांढऱ्याला हवे ते ३ कधी मिळतच नाहीत. त्यापेक्षा दोन पांढरे आणि दोन लाल एका माळेत ओवावेत. ६ अधिक ४ म्हणजे १० व्होल्ट, उरलेल्या २ व्होल्टसाठी १,००० ओहमचा एकच रेझिस्टर पुरतो. फक्त पुरवठा स्थिर हवा. तो १ व्होल्टने घसरला तरी प्रवाह जवळपास निम्मा होतो.

जोडणीला ०.१ मिलिमीटरची, वीजरोधक इनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार वापरतात. सोल्डर करण्याआधी टोकावरचा लेप जाळला नाही तर सांधा वरून छान दिसतो, वीज मात्र वाहत नाही. उभ्या गाडीची तार चाकाशेजारच्या भोकातून खाली घेतात. टपाच्या आतून काळा रंग द्यावा, नाहीतर पातळ प्लॅस्टिकमधून सगळी गाडीच कंदिलासारखी उजळते. आणि १९६०च्या दशकातल्या बीटलला निळसर पांढरे दिवे लावू नयेत. पिवळट ‘वॉर्म व्हाइट’च शोभतो.

वेळसुद्धा लहान होत नाही. रस्त्यावरच्या गाडीचा इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो आणि १:८७ च्या गाडीचाही तेवढाच ठेवायचा असतो.