केने यांचा नागमोडी तक्ता

देशात पैसा कसा फिरतो, हे अठराव्या शतकातले फ्रेंच अर्थचिंतक फ्रान्स्वा केने यांनी एका तक्त्यात मांडले. त्यांचा हिशेब ६०० लिव्रपासून सुरू होतो. लिव्र हे तेव्हाचे फ्रेंच चलन, आणि ६०० म्हणजे कुळाने जमीनदाराला दिलेला वर्षाचा खंड. हा आकडा मधल्या रकान्यात. डावीकडे शेतकरी, उजवीकडे कारागीर. जमीनदार ३०० लिव्रचा शेतमाल घेतो आणि ३०० लिव्रचे कापड-सामान. कारागिराच्या हाती आलेल्या ३०० पैकी १५० धान्यापायी पुन्हा शेतकऱ्याकडे येतात. शेतकरीही आपल्या ३०० पैकी १५० कारागिराकडे खर्चतो. पुढे ७५, मग साडेसदतीस. तिरप्या रेषा एकमेकींना छेदत खाली उतरतात.

डाव्या रकान्याची बेरीज करा : ३०० + १५० + ७५… शेवटी ६००. इथे केने यांचा कळीचा नियम लागतो. शेतीत घातलेले १०० लिव्र भरून येतात आणि वर तेवढेच निव्वळ उरतात. म्हणजे पुढच्या वर्षीचा खंड पुन्हा ६००, चक्र पूर्ण.

आता जमीनदाराला रेशमाचा शौक लागला असे धरू. शेतमालावर २००, कारागिरांवर ४००; बाकी सगळे तसेच निम्मे-निम्मे. डाव्या रकान्यात थेट २०० येतात, कारागिरांकडून फिरून आणखी २००, मिळून ४००; आणि पुढच्या प्रत्येक फेरीत आधीच्या चौथाई : १००, २५… बेरीज ५३३. खंड तेवढाच उरतो. सवय सुटली नाही तर त्यापुढे ४७४, मग ४२१. कुणी चोरी केलेली नाही, पीकही बुडालेले नाही. तरी शेतीत परतणारा पैसा आटला.

हा तक्ता १७५८ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात तयार झाला, तेव्हा केने ६४ वर्षांचे होते. पेशाने ते शल्यवैद्य. १७४९ पासून राजा पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर यांचे डॉक्टर. रक्ताभिसरणावरून त्यांना तक्ता सुचला असे हमखास सांगितले जाते. असेलही, पण त्याआधी त्यांनी दिदरो यांच्या फ्रेंच विश्वकोशासाठी शेतकरी आणि धान्य या विषयांवर लेख लिहिले होते, घोड्यांची नांगरट आणि बैलांची नांगरट यांचा खर्च ताडून पाहिला होता. तक्त्याचे मूळ मला तिथे जास्त दिसते.

केने यांची चूक कुठे झाली? कारागिरांना त्यांनी ‘वांझ वर्ग’ म्हटले. १७६६ च्या सुधारित मांडणीत हा वर्ग १ अब्ज लिव्रचे अन्न आणि १ अब्जाचा कच्चा माल वापरून बरोबर २ अब्जांचा माल बनवतो, वाढावा शून्य. पण हा शून्य हिशेबातून निघालेला नाही, आधीच गृहीत धरलेला आहे. मांडणी मात्र पक्की होती. एकाचा खर्च ती दुसऱ्याची मिळकत, हे रकान्यांत दाखवण्याची रीत अर्थतज्ज्ञ वासिली लिओन्टिएफ यांनी अमेरिकेच्या उद्योगांना लावली आणि त्यांना १९७३ चे नोबेल मिळाले.

धान्याला चांगला भाव हवा, म्हणून व्यापार मोकळा करा, हा केने यांचा आग्रह. फ्रान्सचे अर्थमंत्री त्युर्गो यांनी सप्टेंबर १७७४ मध्ये देशांतर्गत धान्यव्यापार खुला केला. त्याच वर्षी पीक कमी आले. केने डिसेंबरात वारले. एप्रिल-मे १७७५ मध्ये पाव महागल्यावर पॅरिसच्या आसपास दंगे उसळले. तक्ता वर्षाचा होता. जुने धान्य संपत आलेले आणि नवे अजून शेतात उभे, या महिन्यांसाठी त्यात रकाना नव्हता.