सिंक्रोट्रॉनच्या स्टेजचे मोजमाप: ऑर्डर देण्यापूर्वी वाचावे असे काही

आमच्याकडे स्टेज मोजून घेणाऱ्या सांगली, मिरज, कुपवाडच्या कारखानदार ग्राहकांसाठी

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-2 हा 172.5 मीटर परिघाचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र क्ष-किरण मिळवणारे यंत्र आहे. तिथल्या बीमलाइनवर (किरण प्रयोगापर्यंत नेणाऱ्या मार्गावर) आरसे आणि नमुने मोटरने सरकणाऱ्या मंचावर, म्हणजे स्टेजवर बसवलेले असतात. जगातल्या काही केंद्रांत क्ष-किरणांचा झोत 100 नॅनोमीटरपेक्षाही (मायक्रॉनच्या दहाव्या भागापेक्षाही) बारीक करतात. तिथे नमुना एक मायक्रॉन हलला, तरी झोत त्याच्या भलत्याच भागावर पडतो.

एन्कोडरचा आकडा पुरेसा का नाही

एन्कोडर, म्हणजे स्टेज किती सरकली ते मोजणारा भाग, स्टेजच्या पोटात असतो, नमुना बराच वर. स्लाइड सरकताना किंचित झुकते. हा झोक एका आर्क-सेकंदाचा (कोनाच्या अंशाचा 3600 वा भाग) असला आणि नमुना 100 मिलिमीटर उंचीवर असला, तर तिथे सुमारे अर्ध्या मायक्रॉनचा फरक पडतो. एन्कोडरला तो दिसतच नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी 1890 मध्ये सांगितलेले तत्त्व हेच: जिथे काम आहे, त्याच रेषेत मोजा. म्हणून आम्ही लेसर इंटरफेरोमीटरचा (लेसरच्या तरंगलांबीने अंतर मोजणाऱ्या यंत्राचा) आरसा नमुन्याच्याच उंचीवर लावतो. प्रत्येक ठिकाणी दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा येऊन वाचन घेतो, म्हणजे बॅकलॅश (दिशा बदलताना पडणारा फरक) आणि रिपीटेबिलिटी (पुन्हा पुन्हा त्याच जागी येण्याची अचूकता) वेगवेगळी कळते. फिरत्या स्टेजचा अक्ष किती डगमगतो, तेही तपासतो. टोमोग्राफीसाठी (नमुना फिरवत क्ष-किरणांनी त्याचे आतले त्रिमितीय चित्र घेण्यासाठी) स्टेज असेल तर ही तपासणी टाळू नका.

हवा आणि ऊन

लेसरची तरंगलांबी हवेच्या दाबावर अवलंबून असते. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे, त्यामुळे इथला दाब सुमारे 950 मिलिबारच भरतो. यंत्रात समुद्रसपाटीचा 1013 तसाच राहिला, तर मीटरमागे 15 मायक्रॉनहून जास्त चूक होते. इतकी चूक चांगल्या स्टेजलाही नापास करील! म्हणून दाब, तापमान आणि आर्द्रता दर वाचनाबरोबर नोंदवली जाते.

पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढते, ॲल्युमिनियम त्याच्या दुप्पट. एप्रिलच्या उन्हात टेम्पोतून आलेली स्टेज आम्ही लगेच मोजत नाही. रात्रभर 20 अंशांच्या खोलीत ठेवतो. घाईच्या डिलिव्हरीतही हा वेळ धरूनच तारीख ठरवा.

स्टेजसोबत तिचा कंट्रोलर आणि केबल पाठवा. नमुना किती उंचीवर बसणार आणि त्याचे वजन किती, हे ड्रॉइंगवर लिहा. तेवढेच वजन ठेवून आम्ही स्टेज चालवतो.