लुसीची हाडे आणि गोव्याचा जांभा

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथील राष्ट्रीय संग्रहालयात सम्राट हैले सेलासी यांचे सिंहासन आहे, चित्रांची दालने आहेत, निरनिराळ्या जनसमूहांच्या नित्य वापरातल्या वस्तू आहेत. तरीही परदेशी पाहुण्यांची पावले आधी वळतात ती तळघराकडे, कारण तेथे लुसी, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या एका मानवसदृश प्रजातीतील मादीचा सांगाडा, आहे. काचेमागचा हा सांगाडा साडेतीन फुटांच्या आसपास उंचीचा आणि अर्ध्याहून अधिक रिकामा आहे. शिवाय तो मूळ नसून प्रतिकृती आहे, हे कळल्यावर अनेकांचा विरस होतो. खरे तर तसे होण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या चित्रशाळेत साच्यातून निघालेल्या गणेशमूर्तीवर मूळ मूर्तीची प्रत्येक वळी उमटते, त्याचप्रमाणे काळजीपूर्वक घेतलेल्या साच्यात हाडावरची बारीकशी रेघही उतरते. मूळ हाडे मात्र बंदोबस्तात जपून ठेवलेली असतात.

ही हाडे २४ नोव्हेंबर १९७४ रोजी अफार प्रदेशातील हदार येथे डोनाल्ड जोहान्सन आणि टॉम ग्रे या संशोधकांना सापडली. अम्हारिक भाषेत तिला दिन्किनेश, म्हणजे ‘तू अद्भुत आहेस’, असे म्हणतात, आणि मला हेच नाव अधिक शोभणारे वाटते. शेकडो तुकडे जुळवल्यावर सांगाड्याचा सुमारे ४० टक्के भाग हाती आला. एकही हाड दोनदा आलेले नसल्यामुळे तो एकाच व्यक्तीचा आहे असे म्हणता आले, आणि अक्कलदाढ उगवलेली असल्यामुळे ती व्यक्ती लहान मूल नव्हती हेही ठरले. मांडीचे हाड कमरेपासून गुडघ्याकडे आतल्या बाजूला कलत जाते. असा कल असला म्हणजे चालताना पाऊल शरीराच्या भाराखाली येते आणि एका पायावर तोल सावरता येतो. चिंपांझीच्या मांडीला हा कल नसतो. मात्र लुसीच्या प्रजातीचा मेंदू आपल्या मेंदूच्या साधारण एक तृतीयांशच होता. माणूस आधी शहाणा झाला आणि मग उभा राहिला, अशी एके काळी अनेकांची समजूत होती; हा क्रम उलटा आहे, हे सांगणाऱ्या पुराव्यांत या गुडघ्याचे स्थान फार वरचे आहे.

तिचे वय सुमारे ३१.८ लाख वर्षे मानले जाते, आणि ते हाडावरून नव्हे, तर आजूबाजूच्या थरांतील ज्वालामुखीच्या राखेवरून काढलेले आहे. राखेतील स्फटिकांत पोटॅशियम असते आणि त्याचा एक किरणोत्सारी प्रकार अत्यंत संथ गतीने आर्गॉन वायूत बदलत राहतो. खडक वितळलेला असताना जुना आर्गॉन निसटून जातो, थिजल्यावर नवा आत अडकू लागतो. म्हणून अडकलेला वायू मोजला की उद्रेक कधी झाला ते कळते. लुसी कशी मेली, यावर मात्र एकमत नाही. झाडावरून पडून हाडे मोडली असावीत असा निष्कर्ष २०१६ मध्ये मांडला गेला, तेव्हा स्वतः जोहान्सन यांच्यासह अनेकांनी त्याला हरकत घेतली, कारण तसे तडे गाळाच्या दाबानेही पडतात.

गोव्यातला वाचक येथे साहजिकच विचारील की आपल्याकडे असे काही का सापडत नाही. भारतात मध्य प्रदेशातील हथनोरा येथे, नर्मदेच्या गाळात, भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग सापडला होता. अफार असो की नर्मदाकाठ, दोन्हीकडे हाड गाळाखाली झाकले गेले आणि त्याला खनिजांचा आधार मिळाला. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या घरात पडणारा पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरतात. त्यांचाच बनलेला असतो जांभा. ही माती आम्लधर्मी असते, आणि हाडातील कॅल्शियमचे खनिज आम्लात विरघळते. माडाच्या सुरेपासून केलेल्या व्हिनेगरमध्ये अंडे एक-दोन दिवस बुडवून ठेवले की त्याचे कवच नाहीसे होते. तिथे आम्ल तीव्र आणि इथे सौम्य, पण मातीच्या हाताशी हजारो वर्षे असतात. म्हणून गोव्यात माणसाची हाडे सापडली नाहीत, यावरून येथे माणूसच नव्हता असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल.

आपल्याकडे टिकतो तो दगड. जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तैलचित्रांइतकेच लक्ष वीरगळ आणि सतीशिळा वेधून घेतात, ते उगाच नव्हे. पण त्याहून जुनी साक्ष कोणत्याही छपराखाली आणलेली नाही. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी, उसगाळीमळ येथे, जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, मोर, मानवाकृती आणि वर्तुळांत वर्तुळे गुंफलेला एक चक्रव्यूह कोरलेला आहे. १९९३ मध्ये ही कातळशिल्पे अभ्यासकांसमोर आली, आणि २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांसोबत युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसास्थळांच्या यादीत त्यांचाही समावेश झाला.

त्यांचे वय सांगताना मात्र अभ्यासक सावध असतात. कोरल्याने दगडात नवे स्फटिक तयार होत नाहीत, म्हणजे आर्गॉनचे घड्याळ येथे चालू होत नाही. आणि सजीवांच्या अवशेषांवरून वय काढणाऱ्या रेडिओकार्बन पद्धतीला लागणारा कोळसा किंवा हाड उघड्या कातळावर उरत नाही. म्हणून आकृत्यांची शैली, एका रेघेवर दुसरी रेघ कशी चढली आहे आणि जवळपास मिळणारी दगडी हत्यारे, एवढ्यावरूनच अंदाज बांधावा लागतो.