बाईंचा ‘डेब्ट’

माझी थोरली बहीण साताऱ्यातल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवते. गेल्या पावसाळ्यात नववीच्या वर्गात धडा वाचताना debt, म्हणजे कर्ज, हा शब्द ती ‘डेब्ट’ असा म्हणाली आणि तिसऱ्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, त्यातला बी सायलेंट असतो. यूट्यूबवर डेट म्हणतात.’ पोरगं बरोबर होतं. ताई ‘शाब्बास’ म्हणाली, हसलीसुद्धा. पण कान तापले, आणि पुढच्या परिच्छेदात रोजचे शब्दही अडखळायला लागले. घरी चहा गार होईपर्यंत तेच. ‘अठरा वर्षं झाली रे मला शिकवून!’

गणिताच्या सरांची बेरीज चुकली तर आकडा पुसला की झालं. भाषेच्या बाईंची चूक फळ्यावर नसते, त्यांच्याच आवाजात असते. ती पुसणार कशी?

परकी भाषा बोलताना विद्यार्थ्यांना वाटणारी भीती मोजण्यासाठी एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली तेहतीस विधानांची एक प्रश्नावली केली. दहा वर्षांनी हॉर्विट्झबाईंनी तीच नजर शिक्षकांकडे वळवली. ज्यांची ती मातृभाषा नाही असे शिक्षक स्वतः जन्मभर विद्यार्थीच असतात, त्यामुळे भीती त्यांनाही सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे तर २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि ते शिकवायची पाळी आली ती बहुतेक पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या गुरुजी-बाईंवर.

भीतीनं जीभ का अडते? मेंदूची कामचलाऊ स्मृती, म्हणजे वर्किंग मेमरी, अगदी तोकडी असते. परक्या भाषेत शब्द शोधणं, व्याकरण सांभाळणं, उच्चार तपासणं हे सगळं तिथंच चालतं. त्यात ‘आता पुन्हा हसतील का?’ हा विचार शिरला की जागा संपते. मग माणूस आडवाट शोधतो. इंग्रजीत गप्पा मारण्याऐवजी व्याकरणाचे नियम मराठीत सांगतो, प्रश्नोत्तरं लिहून देतो. त्याला आपण आळस म्हणतो. मला वाटतं, बरेचदा ती भीती असते.

दुसरा भार चेहऱ्याचा. आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ साली हवाईसुंदरींच्या कामावरून ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली: आत एक, चेहऱ्यावर दुसरं, आणि पगार त्या दुसऱ्याचा. नुसतं वरवरचं हसू टिकवणं माणसाला जास्त थकवतं, असं नंतरच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलं. ताईचं ते ‘शाब्बास’ याच जातीचं.

गंमत म्हणजे ताई रागावते मात्र मराठीतच. ‘कीप क्वाएट’नं वर्ग हलत नाही; ‘ए, गप बसा रे!’ म्हटलं की टाचणी पडली तरी ऐकू येते. यामागेही शास्त्र आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तुर्की मातृभाषा असलेल्या लोकांना लहानपणी मिळणारी दटावणी तुर्कीत आणि इंग्रजीत ऐकवली. त्वचेवरच्या घामातले सूक्ष्म बदल तुर्कीत ठळक दिसले, इंग्रजीत फिके. म्हणजे इंग्रजीच्या तासाला बाई आणि पोरं, दोघांच्याही भावना जरा लांबूनच बोलतात.

आणि हे शिक्षकापुरतं राहत नाही. कॅनडात चौथी ते सातवीच्या चारशेहून अधिक मुलांची लाळ तपासली, तेव्हा ज्या वर्गांचे शिक्षक कामानं थकून जास्त करपलेले होते तिथल्या मुलांत सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त आढळलं. अर्थात कोणामुळे कोण, हे त्यातून ठरत नाही. दमलेल्या बाईंमुळे मुलं ताणात, की ताणातल्या मुलांमुळे बाई दमलेल्या?

ताईनं दुसऱ्या दिवशी तो शब्दच वर्गात उलगडून दाखवला. फ्रेंचमधून आला तेव्हा त्याच्या स्पेलिंगात बी नव्हताच. पुढे पंडितांना लॅटिन ‘डेबिटम’ आठवला आणि त्यांनी बी मध्ये कोंबला. बोलणाऱ्यांनी काही तो घेतला नाही. तिसऱ्या बाकावरचा तो लगेच उठला.

‘मग बाई, चूक त्या पंडितांचीच की!’