शेकडा सूट

शेकडा सूट म्हणजे छापील किमतीतून दर शंभरामागे ठरावीक रक्कम वजा करून विक्री किंमत काढण्याची रीत. छापील किमतीला सवलतीच्या दराने गुणून १०० ने भागले की सूट मिळते, ती वजा केली की द्यायची रक्कम. सूट न काढताही उत्तर येते: ३५% सूट असेल तर ६५% द्यायचे आहेत, म्हणून किमतीला थेट ०.६५ ने गुणावे.

तोंडी हिशोबात आधी १०% काढणे सोयीचे. १,८४० चे १०% म्हणजे १८४. त्याची तिप्पट ५५२ आणि निम्मे ९२ मिळून ३५% सूट ६४४ होते, द्यायचे १,१९६. काही दरांना तर गुणाकारच लागत नाही. २५% सूट म्हणजे पाऊणपट किंमत, २०% म्हणजे पाचवा हिस्सा कमी, १२.५% म्हणजे आठवा.

घोटाळा होतो तो टक्के कशावर मोजायचे यात. ‘२०% आणि वर आणखी १०%’ म्हणजे ३०% नव्हे. १,००० चे आधी ८०० होतात आणि पुढचे १०% या ८०० वर मोजले जातात; उरतात ७२०, म्हणजे एकूण सूट २८%. दोन्ही दरांच्या बेरजेतून त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग वजा केला तरी हेच येते. ५०% वर पुन्हा ५०% मिळाले म्हणून वस्तू फुकट होत नाही, सूट ७५% च राहते. दोन टक्केवाऱ्यांचा क्रम उलटला तरी फरक पडत नाही, पण एक सवलत ठरावीक रकमेची असेल तर पडतो: १,००० वर आधी २०% आणि मग १०० वजा केल्यास ७०० उरतात, उलट क्रमाने ७२०.

सवलतीच्या किमतीवरून मूळ किंमत काढताना हीच चूक उलट्या बाजूने होते. २०% सूट जाऊन ९६० द्यावे लागले, तर ९६० मध्ये २०% मिळवून १,१५२ येतात, पण ते चूक. ९६० ला ०.८ ने भागावे. मूळ किंमत १,२००. किंमत आधी २५% वाढवून मग २५% सूट दिली, तर गिऱ्हाइकाच्या पदरात जेमतेम ६.२५% पडतात.

टक्के न सांगणाऱ्या योजनाही टक्क्यांत मांडता येतात. दोनावर एक मोफत म्हणजे तीन नगांवर ३३⅓% सूट. दुसरा नग निम्म्या किमतीत म्हणजे दोन्ही मिळून २५%. त्याच किमतीत ५०% जास्त माल हे ऐकायला भरघोस वाटते, पण तीही ३३⅓% सूटच. ‘५०% पर्यंत’ यातला ‘पर्यंत’ मात्र कोणत्याही सूत्रात बसत नाही, तिथे प्रत्येक वस्तूचा दर वेगळा पाहावा लागतो.

मूळ म्हणून दाखवलेली किंमत खरी आहे का, हा प्रश्न गणिताबाहेरचा. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात त्यावर नियम घातला: सवलत जाहीर करताना आधीची किंमत म्हणून साधारणपणे त्यापूर्वीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते.