'झेड' दिसला की अमेरिकन? नाही हो!

गेल्या आठवड्यात गंगापूर रोडवरच्या शेजाऱ्यांची मुलगी वही घेऊन आली. 'ऑर्गनाइझेशन'मधल्या झेडभोवती लाल गोल आणि शेरा: 'अमेरिकन स्पेलिंग, एस लिही.' आमच्या वेळीही हेच शिकवत. ब्रिटिश म्हणजे एस, अमेरिकन म्हणजे झेड, विषय संपला.

पण हे खरं नाही. 'ऑर्गनाइझ'सारख्या शब्दांच्या शेवटचा 'आइझ' (-ize) हा प्रत्यय मूळ ग्रीक, आणि तिथे झेडच आहे. एस आला तो फ्रेंचच्या वाटेने. इंग्रजीत झेडवाली रूपं अमेरिका देश म्हणून जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश, म्हणजे अस्सल ब्रिटिश घरातला, आजही झेडलाच पहिली पसंती देतो. ब्रिटनमधली वर्तमानपत्रं बहुतेक एस वापरतात, तेही बरोबरच.

सगळ्यात गंमत जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या इंग्रजी नावाची. त्यातल्या 'लेबर'मध्ये ब्रिटिश 'यू' आहे आणि लगेच पुढच्या 'ऑर्गनायझेशन'मध्ये झेड! कुणाची चूक नाही. संयुक्त राष्ट्रांची पद्धतच ती. (आपल्या नाशिकच्या स्पेलिंगमध्ये 'एच' कधी असतो, कधी नसतो, तिथे आपण कुठे लाल गोल करतो?)

परीक्षेत मात्र एकाच उत्तरात दोन्ही रूपं मिसळू नका. आणि 'ॲडव्हर्टाइज', 'सरप्राइज', 'एक्झरसाइज' यांत एसच लिहा. तिथे अमेरिकेतही झेड चालत नाही. 'ॲनलाइज' अजून वेगळा: त्यात अमेरिकन झेड लिहितात, पण ऑक्सफर्डही एसच लिहितं.