सॅम्पलवर बेतलेले वादनप्रधान हिप-हॉप

जुन्या ध्वनिमुद्रिकांमधले तुकडे सॅम्पलरमध्ये (आवाज साठवून हवा तसा वाजवणाऱ्या यंत्रात) उचलून, कापून, नव्या ठेक्यात बसवून केलेले, बहुधा रॅपविना ऐकायचे संगीत. ते करणारा तो बीटमेकर. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातले डीजे एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून वाजवत आणि ड्रमचा तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, लांबवत. पुढच्या दशकात क्वीन्सच्या मार्ली मार्लने अख्ख्या ब्रेकऐवजी त्यातले किक (ड्रमचा जड, खालचा ठोका) आणि स्नेअर (कडक, वरचा ठोका) सुटे केले व त्यांवर स्वतःचा ठेका वाजवला. खरे वळण तिथे आहे.

ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे सॅम्पलर (१९८७) १२ बिटचे, २६.०४ किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला सुमारे २६ हजार नमुने घेणारे. स्मृती एकूण १० सेकंद, एका सॅम्पलला जास्तीत जास्त २.५. आता ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) चार मात्रांचा बार २.६७ सेकंदांचा होतो; म्हणजे थोडक्यात हुकतो. म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून सॅम्पल घेत. वेग १.३५ पट झाल्याने तोच बार १.९८ सेकंदांत मावे, मग यंत्रात सूर साधारण ५ अर्धस्वर खाली आणत. नेमका फरक ५.२ चा, तेव्हा उरलेला फरक कानाने जुळवायचा. सूर उतरवताना हे यंत्र नमुन्यांमधल्या पायऱ्या गुळगुळीत करत नाही, त्यामुळे वर धातूची किणकिण येते. ती खोटच पुढे लोकांना हवीशी झाली. लूपमधला (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्यातला) बेस वेगळा हवा असेल तर तो लो-पास फिल्टरच्या, म्हणजे वरचे स्वर अडवणाऱ्या, आउटपुटमधून काढत.

रॉजर लिन यांनी अकाईसाठी घडवलेल्या एमपीसी६० (१९८८) मध्ये दाबून वाजवायचे १६ पॅड आले आणि सॅम्पल बोटांनी वाजवणे सोयीचे झाले. त्याचा ‘स्विंग’ (जोडीतला दुसरा ठोका किती मागे ढकलायचा ते) ५० टक्क्यांना सरळ, ६६ च्या आसपास तिस्र होतो. ९० बीपीएमला ५८ टक्के ठेवले की जोडीतला दुसरा सोळांश (पाव मात्रा) सुमारे २७ मिलिसेकंद उशिरा पडतो. एवढ्याने मान डोलते. बीटमेकर जे डिलाने पुढच्या एमपीसी३००० वर ठेका मुद्दाम डगमगता ठेवला. त्याचे यंत्र आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात आहे. डीजे शॅडोच्या १९९६ च्या पहिल्या अल्बमने, जवळजवळ निव्वळ सॅम्पलांवर उभ्या असलेल्या, या संगीताला गायकाची गरज नाही हे ठसवले.

दरम्यान १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या गाण्यावरून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने विनापरवाना सॅम्पलविरुद्ध निकाल दिला. परवाने महागात पडू लागले; लांब, ओळखू येणाऱ्या लूपपेक्षा बारीक काप, म्हणजे ‘चॉप’, सोयीचे ठरले.

चॉप करताना नेहमीची चूक म्हणजे लाटेच्या मधोमध कापणे. सुरुवात शून्यरेषेवर नसली की प्रत्येक वेळी ‘टक्’ वाजते. १ ते ३ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) दिला की जाते. दुसरी चूक ड्रमची: सॅम्पलमधला किक आणि आपला किक एकमेकांवर पडले की खालचे स्वर एकतर फुगतात किंवा एकमेकांना खातात. सॅम्पल १०० ते १५० हर्ट्झखाली कापावे, किंवा एका किकचा फेज उलटा करून, म्हणजे त्याची लाट वरखाली पालटून, पाहावा. मागच्या कापाची शेपटी पुढच्यावर सांडत असेल तर दोन्ही पॅड एकाच म्यूट-ग्रुपमध्ये टाकावेत; मग एक वाजला की दुसरा थांबतो.

बॉस एसपी-३०३ आणि रोलँड एसपी-४०४ (२००५) यांनी यंत्र हातात मावेल इतके लहान केले. संगणकावर आता स्मृतीला धरबंध नाही, लय आणि सूर स्वतंत्र बदलतात. मात्र ताणलेल्या स्नेअरचा घाव मऊ पडतो, म्हणून ड्रम न ताणता काप पुढे-मागे सरकवणेच बरे.